शेवटचं कडवं आधी

४ सप्टेंबर

चि. घाईबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं नाव लिहायचं नाही, नुसता आकडा लिहायचा, असा निरोप खालचे घड्याळवाले टपाल कचेरीतून घेऊन आले. जन्मभर मुलांना नावाने हाका मारल्या, आणि आता सख्ख्या भाचीला आकड्याने पत्र घालायची वेळ आली. असो. पाकिटाच्या आत तरी मी ठेवलेलंच नाव चालवतो. तू आता सैन्यात मोठी अधिकारी झालीस, लोक तुला सलाम ठोकतात, पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन शाळेकडे पळणारी घाईबाईच.

आपली पत्रं मध्ये कुणीतरी उघडून वाचतं म्हणे. त्या मधल्या वाचकासही नमस्कार. अक्षर लागलं नाही तर त्यांनी अंदाजाने घ्यावं, माझे विद्यार्थी तसंच करत.

माझं म्हणशील तर गुडघ्याने संप पुकारला आहे आणि लिफ्टने त्याला पाठिंबा दिला आहे. तिसऱ्या मजल्यावरून मी उन्हाळ्यापासून खाली उतरलेलो नाही. सकाळी गॅलरीतून दोरीने टोपली सोडतो, घड्याळवाले तीत पाव, दूध आणि वर्तमानपत्र ठेवतात, आणि खालून ओरडतात, "मास्तर, ओढा!" विहिरीतून पाणी काढावं तसं मी जग वर काढतो.

तुझी आई, म्हणजे आमची ताई, रोज फोनवर तेच म्हणते, की इकडे ये, तळमजल्यावरची खोली आहे, बाग आहे, काय त्या माडीवर कोंडून घेतलं आहेस. मी म्हणतो, बघू. मला समुद्र सोडवत नाही. पाचवीच्या वर्गात खिडकीशेजारी उभा राहून कविता चालीवर म्हणायचो, तेव्हा पलीकडे हाच समुद्र ताल धरायचा. आता वर्ग गेला, मुलं गेली, ताल तेवढा राहिला आहे.

आणि सध्या समुद्रात बघण्यासारखंही आहे. महिनाभर आमच्या रस्त्यावरून मोठमोठ्या गाड्या धक्क्याकडे जात होत्या. कापडाने झाकलेल्या तोफा मी समजू शकतो, पण पाव भाजायच्या भट्ट्या? कपडे धुवायची यंत्रं? एका गाडीवर तर दात उपटायची खुर्ची होती, माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता हे सगळं पोटात घेऊन राखाडी बोटी खाडीच्या तोंडाशी येऊन उभ्या आहेत. जात नाहीत, येत नाहीत. घंटेची वाट बघणाऱ्या वर्गासारख्या नुसत्या बसून आहेत.

तू याच खात्यातली. तेव्हा म्हाताऱ्याला समजावून सांग, एवढा संसार घेऊन माणसं लढायला जातात तरी कशी? आणि तू कुठे आहेस, जवळ की लांब, एवढं सांगता आलं तर सांग.

तुझा,
मामा


२१ सप्टेंबर

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, तेव्हा त्यावर इतके शिक्के होते की मुलुखगिरी करून आल्यासारखं दिसत होतं. सगळी पत्रं आधी लांबच्या एका ठाण्यावर जातात, तिथे वाचली जातात आणि मग फिरतात. मी कुठे आहे ते सांगता येत नाही. लांब आहे असंच समजा. फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र देता येईल, कारण ते तुम्हीच मला शिकवलं आहे. आठवतं? मला लांब कविता पाठ होत नसे. सुरुवात जोरात, मधे त, त, प, प, आणि शेवटी रडू. तेव्हा तुम्ही वही उलटी धरायला लावलीत. म्हणालात, आधी शेवटचं कडवं पाठ कर, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. म्हणजे म्हणताना आपण पुढे पुढे ओळखीच्या जागी येत जातो. वर्गात तुम्ही त्यावर दोन ओळीही केल्या होत्यात:

कडवे जे शेवटचे, ते पाठ करावे आधी;
मग येते वाट घराची, ओळखीची, साधी.

मामा, मोहीम अशीच मांडतात. धक्क्यावरून सुरुवात करायची नाही. परक्या किनाऱ्यावर पहिलं पाऊल कुणाचं पडेल, तिथून सुरुवात करायची. आधी वाट काढणारे आणि रस्ता करणारे, मग आघाडीच्या तुकड्या, मग तोफा, मग दवाखाना, पाणी, दारूगोळा, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या त्या भट्ट्या आणि दातांची खुर्ची. आता हे उलटं करा. जे शेवटी लागणार ते आधी बोटीच्या पोटात तळाशी जातं, जे पहिल्यांदा लागणार ते सगळ्यांत शेवटी, दाराशी. चुकून भट्टी दाराशी आणि रस्ता करणारं यंत्र तळाशी गेलं, तर किनाऱ्यावर पाव तेवढे मिळतील.

शिवाय सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत. सगळे डॉक्टर एका बोटीत आणि सगळी औषधं दुसरीत, असं चालत नाही. प्रत्येक बोट म्हणजे एक छोटं सैन्य, आपलं आपण चालेल असं. एक बोट मागे राहिली तरी कवितेतलं एक कडवंच गळेल, कविता गळणार नाही. ही भरणी ठरवायचं काम माझ्याकडे आहे. मला लोक सलाम ठोकतात त्यामागे इतकंच आहे, की त्यांचं सामान कुठे आहे ते मलाच ठाऊक असतं.

राहते ती खोली लोखंडाची आहे. भिंतींना घाम येतो. चार जणींत एक आरसा, आणि जेवणात डब्यातले वाटाणे. वर मोकळ्यावर जायला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ मिळतो. पाठ केलेली कविता म्हणायला उभं करावं आणि "थांब, अजून नको" म्हणावं, तसं झालं आहे आमचं. थांबलो आहोत.

तब्येतीला जपा. आईकडे जा. आणि एक, ते लाल पांघरूण दोरीवर एकाच चिमट्याने लोंबत असतं, वाऱ्याने कधीतरी खाली रस्त्यावर जाईल. दुसरं टोकही अडकवत जा. तुमचं पहिल्यापासून हे असंच.

तुमची,
घाईबाई


९ ऑक्टोबर

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घड्याळवाल्यांनी टोपलीतून पाठवलं. पहिल्यांदा वाचलं आणि अभिमानाने ऊर भरून आला. पोरीने मास्तरच्या दोन ओळींवर सैन्य उभं केलं! मुद्दाम घड्याळवाल्यांना वर बोलावून वाचून दाखवलं. ते म्हणाले, घड्याळ जोडायची पण हीच रीत, शेवटी निघालेला स्क्रू आधी.

मग ते गेले आणि मी दुसऱ्यांदा वाचलं. शेवटचा परिच्छेद.

लाल पांघरूण. आपण मुलांना प्रश्न घालायचो ना, 'संदर्भासह स्पष्टीकरण करा'? तसं मी बसून केलं. हे पांघरूण तू गेल्यावर आलं. घड्याळवाल्यांच्या बायकोने दुकानाचा जुना लाल पडदा काढला, तो दुहेरी शिवून मला पाठवला. ताईने ते पाहिलेलं नाही. मी पत्रात त्याचा शब्द काढलेला नाही. आणि ते एकाच चिमट्याने लोंबत होतं, हे तर मलाही गॅलरीत जाऊन बघितल्यावर कळलं.

मधले वाचक महाशय, तुम्ही दमू नका. एका म्हाताऱ्याच्या पांघरुणाची गोष्ट आहे, यात काही खोडण्यासारखं नाही.

घाईबाई, मी गॅलरीचा कठडा धरून उभा राहिलो. चहा वर साय धरून गार झाला. समोर त्या बोटी. इतके दिवस बघतोय, पण बघितल्या त्या आताच. तूर्त एवढंच लिहितो, की दुसरा चिमटा लावला आहे.

आता उजाडलं की पांघरूण बाहेर टाकतो, नीट ताणून. दिवेलागणीला घडी करून आत घेतो. मग दिवसभर खुर्ची टाकून बसतो. ताईला सांगितलं नाही, ती लगेच गाडी करून येईल आणि रडून सगळ्या गावाला सांगेल. घड्याळवाल्यांनाही नाही. पोटात मावत नाही आणि ओठावर आणता येत नाही, असं झालं आहे. शाळेत परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका ठाऊक असायची, तेव्हा असंच वाटायचं.

ताईकडे जायचा विषय आता काढू नकोस. मला इथे काम आहे.

एक विचारू? समज, एखादी मुलगी माजघरात आहे आणि तिचा म्हातारा ओसरीवर. मधे एक उंबरा. तिने घटकाभर बाहेर येऊन तोंड दाखवून परत जायचं, यात कुठलं राज्य बुडतं?

तुझा,
मामा


२७ ऑक्टोबर

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं स्पष्टीकरण वाचलं. पूर्ण गुण दिले आहेत. बाकी त्यावर काही लिहीत नाही.

तुमच्या माजघरातल्या मुलीबद्दल लिहिते. तिला उंबरा ओलांडता येत नाही, कारण उंबरा तिनेच बांधला आहे.

भरलेल्या बोटीतून कुणीही उतरायचं नाही, हा नियम माझा. साहेबांनी विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते की भरलेली बोट म्हणजे चिकटवलेलं पाकीट, एकदा उघडलं की परत तसं चिकटत नाही. एक माणूस उतरला की दहा उतरतात. कुणी ताप घेऊन येतं, कुणी बाहेर बोलून येतं, आणि नेमका तेव्हाच हुकूम आला तर बोट थांबत नाही, जागा रिकामी घेऊन निघते. क्रेन चालवणाराच नसला तर दाराशी ठेवलेलं यंत्र काय कामाचं? म्हणून माणूससुद्धा भरलेल्या मालात धरायचा. बोलायला फार छान वाटलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग गेल्या आठवड्यात क्रेनवाला आला. मोठा गमत्या माणूस, वाटाण्यांवर गाणी रचतो. त्याचा बाप बिछान्याला खिळला आहे, फार दिवस काढणार नाही असं पत्र आलं. एक दिवस द्या म्हणाला, पोहत जातो आणि पोहत येतो. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "बरोबर आहे बाई, माल कधी पोहतो का?" आणि सलाम ठोकून गेला. हसत गेला, तेच जास्त लागलं. मागून दुसरं पत्र आलं, बाप गेल्याचं.

आम्ही सगळे असे पाठ होऊन बसलो आहोत, मामा. गाड्यांच्या बॅटऱ्या उतरतात, त्या भरायच्या. दोर तपासायचे, परत तपासायचे. सकाळी वाटतं आज हुकूम येईल, संध्याकाळी वाटतं कधीच येणार नाही. तुमच्या कवितेला शेवट तरी असायचा.

पण आमच्याकडे सकाळी एक खूण दिसते. कुठली ते विचारू नका. मी एकटीच दुर्बिणीतून बघायचे, मग शेजारच्या दोघी आल्या, मग पसरलंच. आता ती दिसली की वर उभे असलेले सगळे म्हणतात, "मास्तर उठले." दिवेलागणीला ती खूण नाहीशी झाली की क्रेनवाला शाळेच्या घंटेसारखा लोखंडावर टोल देतो आणि ओरडतो, "वर्ग सुटला!" मग सगळे खाली जातात. ज्यांना तुमचं नाव-गाव ठाऊक नाही, तेही तुमच्या वर्गात बसले आहेत. बाप गेल्याच्या दिवशीही त्याने टोल चुकवला नाही.

तरीही सांगते, आईकडे जा. त्या जिन्यावर काही झालं तर तुम्हाला उचलायला कोण आहे? माझ्यासाठी अडकून राहू नका.

तुमची,
घाईबाई


१२ नोव्हेंबर
ताईच्या घरून

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचून चकित झाली असशील. मी गॅलरी सोडली. सोडली म्हणजे सोडायला लावली.

परवा सकाळी रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी फिरली. पाण्याकडेची सगळी घरं दुपारच्या आत रिकामी करा, काही दिवसांसाठी, कारण विचारू नका. मी ठरवलं होतं की दाराला आतून कडी लावून बसायचं. पण दोन शिपाई वर आले, पोरगेलेच, त्यांतला एक म्हणाला, "आजोबा, तुम्ही नाही उतरलात तर आम्हालाही उतरता येत नाही." आरामखुर्चीत बसवून त्यांनी आणि घड्याळवाल्यांनी मला जिन्यावरून खाली नेलं. प्रत्येक वळणावर घड्याळवाले म्हणत, "सांभाळून, जुनं मॉडेल आहे, सुटे भाग मिळत नाहीत." खाली ताई गाडी घेऊन उभी. विजयी मुद्रेने.

पण घाईबाई, तुझा मामा म्हातारा झाला असेल, बावळट झालेला नाही. शिपाई जिन्यात होते तेव्हा मी म्हटलं, एक मिनिट, औषध राहिलं. आणि गॅलरीत गेलो. पांघरूण दोरीवर होतं. आत घेतलं असतं तर उद्या सकाळी रिकामी दोरी बघून कुणाच्या काळजात चर्र झालं असतं, हे मला कळत नाही का? म्हणून ते तसंच बाहेर ठेवलं. घरात होते नव्हते तेवढे चिमटे लावले. वादळ आलं तरी जायचं नाही. म्हणजे मी इथे बागेत बसलेलो असलो तरी मास्तर तिथे उठलेलेच!

गाडीत बसल्यापासून मी स्वतःवर खूश आहे. ताई विचारते, गालातल्या गालात काय हसतोस. मी म्हणतो, एक जुनी कविता आठवली.

इथे खोली चांगली आहे. खिडकीतून पेरूचं झाड आणि शेजाऱ्याची भिंत दिसते. जिना नाही. दिवसभर ताई मागे असते, हे खा, ते घाल, तिकडे ओल आहे तिकडे जाऊ नको. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे, त्यामुळे वर्तमानपत्र आणि तिची सगळी पत्रं मीच तिला वाचून दाखवतो. तेवढाच वर्ग. पण बसून बसून कान समुद्राकडे लागतात, आणि तिथे शेजाऱ्याची पिठाची चक्की वाजते.

निश्चिंत राहा.

तुझा,
मामा


१४ डिसेंबर

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आता सांगायला हरकत नाही असा हुकूम आला आहे. मी तुमच्या समोरच होते. डावीकडून दुसरी बोट. आता तिथे नाही, आता खरोखरच लांब आहे.

कविता बिनचूक म्हटली गेली, मामा. पहिल्यांदा वाट काढणारे उतरले, मग क्रेनवाल्याने रस्ता करणारं यंत्र एका झटक्यात वाळूवर ठेवलं, आणि त्यामागून सगळं जसं पाठ केलं होतं तसं. दारं उघडत गेली आणि प्रत्येक दाराशी हवं तेच उभं होतं. मी किनाऱ्यावर उभी राहून नुसती ओठ हलवत होते, वर्गात मागच्या बाकावरून तुम्ही हलवायचात तसे. कुठेही त, त, प, प झालं नाही.

टपालाची पोतीही त्याच नियमाने उतरली. निघायच्या क्षणी धक्क्यावरून चढवलेलं पोतं सगळ्यांत वर होतं, म्हणून आधी निघालं, आणि त्यात तुमचं बारा नोव्हेंबरचं पत्र होतं. भर गडबडीत, एका हाताने गाड्यांना वाट दाखवत, दुसऱ्या हातात धरून वाचलं.

मामा, किती शहाणपणाने वागलात. रोज सकाळी वर गेलं की लाल पांघरूण दोरीवर दिसायचंच. 'मास्तर आहेत' म्हणायचं आणि कामाला लागायचं. निघालो त्या दिवशीही ते होतंच. शेवटपर्यंत अगदी निश्चिंत होते.

आता तंबू आहे. लोखंडाच्या भिंती नाहीत, कापडाच्या आहेत. कुंपणाबाहेर जायची मनाई आहे. लांबून आवाज येतात, आमच्यापर्यंत अजून काही आलेलं नाही. भट्ट्या लागल्या, ताजा पाव मिळतो. परत कधी, असं विचारू नका. जायची कविता शेवटापासून मांडली होती. परतीची कुणी लिहिलेलीच नाही, हे मला इथे उतरल्यावर लक्षात आलं.

आईला सांगा, मी जेवते.

तुमची,
घाईबाई


१७ नोव्हेंबर
(आईच्या नावचं हे पत्र बोटीत तळाच्या पोत्यात राहिलं. मागाहून, जानेवारीत पोचलं.)

ती. आईस साष्टांग नमस्कार.

हे मला कसं ठाऊक, ते विचारू नकोस. फक्त घरी जाऊन मामांना बघ. आजच्या आज जा. कुलूप असेल तर फोडायला लाव.

ते दिवेलागणीला पांघरूण आत घेतात. रोज घेतात, चुकत नाहीत. त्या दिवशी घेतलं नाही. आम्हाला वाटलं, डुलकी लागली असेल. रात्रभर बाहेर. सकाळी तसंच. मग पाऊस आला, सगळे चिंब झालो, आणि तेही दोरीवर भिजत होतं. आई, पावसात मामा वही बाहेर विसरले नाहीत कधी. रिकामी दोरी असती तर म्हटलं असतं, तुझ्याकडे आले. पण टाकणारा हात आहे आणि काढणारा नाही, याचा अर्थ काय? सकाळी टाकलं आणि दिवसात कधीतरी ते पडले, जिन्यात किंवा स्वयंपाकघरात, आणि तिथेच आहेत. दुसरा अर्थ मला लागत नाही.

मी साहेबांकडे गेले. एक तास मागितला. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझाच नियम मला म्हणून दाखवला. चिकटवलेलं पाकीट. शब्दसुद्धा माझेच. मी 'बरोबर आहे' म्हणून उठले.

आता वर कुणी 'मास्तर उठले' म्हणत नाही. संध्याकाळी टोल पडत नाही. माझ्याकडे बघून लोक आवाज खाली आणतात. क्रेनवाला काल येऊन शेजारी उभा राहिला, ज्याला मी बापाकडे जाऊ दिलं नाही तो. मला वाटलं आता बोलेल. मी वाट बघत होते, बोल बाबा. तो दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चिमटे पक्के लावलेत, बाई. पडणाऱ्या माणसाने लावलेले नाहीत." मग स्वतःच्या वाटणीचा चहा माझ्या हातात देऊन गेला.

मी त्यावर रात्र काढली. पण आज परत पाऊस आहे.

वर्ग सुटलाच नाही, आई. आम्ही सगळे अजून बसलेलो आहोत. हुकूम आला आहे असं आत्ता म्हणताहेत, यंत्रांचा आवाज सुरू झाला आहे. हे पत्र कुठल्या पोत्यात पडेल ते माझ्या हातात नाही. तू जा.

तुझी


२२ जानेवारी
तिसऱ्या मजल्यावरून

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

घरी परतलो. ताई बोलत नाही, पण डबा पाठवते. वर चढवताना घड्याळवाल्यांनी या खेपेला चार माणसं लावली आणि म्हणाले, "मास्तर, आता उतरायचं असेल तर टोपलीतून सोडू." गुडघा तसाच. लिफ्टही तशीच. आपण होऊन आत शिरलेल्याला कोंडलेला म्हणत नाहीत, असं ताईला सांगून बघितलं. तिला पटलं नाही. मलाही फारसं नाही.

तुझं किनाऱ्यावरून लिहिलेलं पत्र ताईकडे असतानाच आलं होतं. मोठ्याने वाचून दाखवलं. 'निश्चिंत होते' हे वाक्य ताईने दोनदा वाचायला लावलं, मलाही दोनदा वाचायला आवडलं. माझ्या हुशारीवर मी आठवडाभर पेरूच्या झाडाखाली मजेत होतो.

त्यानंतर ताईच्या नावचं एक जुनं पाकीट आलं. तळाच्या पोत्यातलं असावं, ओल लागून अक्षर पसरलं होतं. तिची पत्रं मीच वाचून दाखवतो, हे तुला लिहिलंच होतं. तेही वाचून दाखवलं. जसं होतं तसं नाही. ताईला वाटतं, त्यात हवापाण्याबद्दल होतं.

त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही. तू निश्चिंत होतीस, असं तुझ्या अक्षरात माझ्याकडे आहे. बरं झालं, निश्चिंत होतीस.

क्रेनवाल्याला माझा नमस्कार सांग. एवढंच सांग, की चिमटे लावणारा हात शाबूत आहे, आणि त्याच्या वाटणीचा एक चहा मी देणं लागतो, तो येईल तेव्हा.

परतीची कविता कुणी लिहिलेली नाही म्हणतेस. मग ती शेवटाकडूनच लिहायला हवी. शेवटचं कडवं माझ्याकडे तयार आहे. आमच्या जिन्यातून कुणीतरी धावत वर येतं, एक चप्पल पायात आणि एक हातात. त्याच्या आधीचं तुमचं तुम्ही बघा.

पांघरूण घरी आलो तेव्हा दोरीवरच होतं. उन्हापावसाने लाल रंग उडून विटकरी झाला आहे, चिमट्यांच्या जागा तेवढ्या लाल राहिल्यात. घड्याळवाल्यांची बायको म्हणते, नवं शिवून देते. नको म्हटलं. सकाळी टाकतो, समोर नुसतं पाणी असतं, तरी ताणून टाकतो.

आणि संध्याकाळी आत घेतो. रोज घेतो, घाईबाई. कठड्याला टेकून आधी एक टोक सोडवायचं, मग दुसरं, मग छातीशी धरून घडी. अंग साथ देवो न देवो, पाऊस असो नसो, दिवेलागण चुकवत नाही. मग त्या मोकळ्या पाण्याकडे तोंड करून, खालच्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणतो:

वर्ग सुटला.

तुझा,
मामा